दोन टिंबांमधली रेघ

तुळिंज हे नाव मुंबईकराला ठाऊक असण्याचे काही कारण नाही. विरार गाडीने जाणाऱ्याला नालासोपारा ठाऊक असते. त्या स्थानकाच्या पूर्वेला उतरून जी गर्दी रिक्षांच्या रांगांतून वाट काढत घरी जाते, तिच्यातली बरीचशी ज्या जुन्या गावाच्या जमिनीवर राहते ते गाव तुळिंज. तेथे आमच्यापैकी एकाच्या घरी दर रविवारी सकाळी पाच-सात जण जमतात. काहीतरी वाचले जाते, चहा होतो, वाद होतात. दहावी-बारावीची दोन-चार मुलेही येऊन बसतात. त्यांना आमच्या वादापेक्षा गच्चीवरचा वारा अधिक प्रिय असावा, असा आमचा संशय आहे.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका रविवारी इमारतीतले एक वडीलधारे गृहस्थ हातात कागद घेऊन आले. कागदावर एक आलेख होता. आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर लाख, आणि वर मथळा – वसई-विरारची लोकसंख्या. २००१ पासची रेघ २०११ पर्यंत अशी चढली होती की तिला जिना म्हणावे की भिंत, असा प्रश्न पडावा. तिथून पुढे तुटक रेघ त्याच चढाने कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. ‘‘दहा वर्षांत अडीचपट,’’ काका म्हणाले, ‘‘आता तुम्हीच सांगा, नळाला पाणी कुठून येणार? हे सगळे बाहेरून आलेले लोक.’’ त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, वैताग होता. टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या माणसाचा तो वैताग आम्ही ओळखतो. पण खोलीत दहावीतला एक मुलगा बसला होता. त्याचे वडील जौनपूरकडचे आहेत. तो काही बोलला नाही, त्या रेघेकडे बघत राहिला.

त्या दिवशी ठरलेले वाचन राहिले आणि आम्ही तो कागद वाचू लागलो. मनाशी एक कबुलीही द्यावी लागली. आपल्याकडे आलेखाचे वाचन भूगोलाच्या तासाला शिकवले जाते, इतिहासाच्या तासाला सनावळी. त्यामुळे आलेख पुढे आला की आपण त्याच्याकडे डोंगराचे चित्र पाहावे तसे पाहतो. चढ किती, उतार कुठे, शिखर केव्हा. एखाद्या बखरीतले वाक्य पुढे आले असते तर आम्ही लगेच विचारले असते की हे कोणी लिहिले, कधी लिहिले, कोणाच्या पदरी असताना लिहिले. आलेखाला असे प्रश्न विचारायचे आम्हांला सुचत नाही. आकडे कोणाच्या पदरी नसतात, असा आपला भाबडा समज असतो.

आता त्या कागदाकडे वळू. २००१ च्या टिंबाखाली जो आकडा होता तो वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदांच्या लोकसंख्येची बेरीज होता, सुमारे ४ लाख ७० हजार. त्यात एकट्या नालासोपाऱ्याचे सुमारे १ लाख ८५ हजार. २०११ च्या टिंबाखालचा आकडा सुमारे १२ लाख २२ हजार, आणि तो वसई-विरार शहर महानगरपालिकेचा. ही महापालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली, ती चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून. म्हणजे पहिल्या टिंबात चार गावे आहेत आणि दुसऱ्या टिंबात चार गावांबरोबर पन्नासहून अधिक ग्रामपंचायती. दोन वेगवेगळ्या वस्तू मोजून त्यांना एकाच रेघेने जोडले आहे. ती रेघ कोणी खोडसाळपणे काढली असेल असे आम्हांला वाटत नाही. संगणकाला दोन आकडे दिले की तो रेघ काढून मोकळा होतो. २००९ साली काय झाले हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मग खरी वाढ किती? त्यासाठी जिची हद्द मध्येच बदलली नाही अशी वस्तू शोधावी लागते. वसई तालुका ही अशी वस्तू आहे. २००१ साली तालुक्याची लोकसंख्या आठ लाखांच्या किंचित आत होती, २०११ साली १३ लाख ४३ हजार. वाढ सुमारे साडेपाच लाखांची, म्हणजे मूळच्या दोन-तृतीयांशाहून थोडी अधिक. काकांच्या कागदावरची वाढ साडेसात लाखांची होती. संपूर्ण तालुकाच जर साडेपाच लाखांनी वाढला असेल, तर कागदावरच्या ‘आलेल्या’ लोकांपैकी किमान दोन लाख लोक कुठूनही आले नव्हते. ते आपापल्या घरी, आपापल्या वाडीत होते तिथेच होते. शहराची हद्द त्यांच्याकडे चालत आली होती.

ही हद्दही निमूटपणे आली नाही. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांनी महापालिकेत जाण्यास विरोध केला. २९ गावे वगळावीत यासाठी आंदोलने झाली, शासनाचे निर्णय झाले, प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयात राहिले. ती गावे बाहेर पडली असती तर आलेखाने एका वर्षी खाली उडी मारली असती आणि कोणीतरी विचारले असते, एवढे लोक गेले कुठे? असा प्रश्न पडावा अशी सोय ठाणे जिल्ह्याच्या बाबतीत खरोखरच झालेली आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, १ कोटी १० लाख ६० हजार १४८. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्या जनगणनेनुसार २९ लाख ९० हजार ११६ माणसे पालघरच्या हद्दीत गेली, तुळिंजमधलीही. एकही बिऱ्हाड हलले नाही.

येथे काका थोडे चिडले, आणि त्यांचे चिडणे रास्त होते. ‘‘म्हणजे गर्दी वाढलीच नाही म्हणता?’’ तसे कसे म्हणू? दहा वर्षांत साडेपाच लाख माणसे एका तालुक्यात वाढणे ही सामान्य गोष्ट नव्हे. देश त्या दशकात पावणेअठरा टक्क्यांच्या आसपास वाढला. चुकीच्या आलेखावरून काढलेला निष्कर्ष सगळाच चुकीचा असतो असे नाही. पण ‘वाढ झाली’ यापासून ‘बाहेरचे आले’ यापर्यंत काका ज्या उडीने पोचले ती उडी आलेखात कुठेच नव्हती. टिंब माणसे मोजते. ती कुठून आली, का आली, येथेच जन्मली की गाडीने उतरली, हे त्याला विचारून उपयोग नाही.

त्यासाठी दुसरा एक आलेख शेजारी ठेवावा लागतो. मुंबईच्या बेटाचा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या शहराचा. १९८१ साली त्याची लोकसंख्या ३२ लाख ८५ हजार होती, १९९१ साली ३१ लाख ७५ हजार, आणि २०११ साली ३० लाख ८५ हजार. तीस वर्षांत साधारण दोन लाखांची घट. ही रेघ इतकी सपाट आहे की तिच्याकडे कोणी पाहतही नाही. जणू त्या बेटावर तीस वर्षे काही घडलेच नाही. प्रत्यक्षात १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरण्यांचा संप याच रेघेत आहे. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही. बंद पडलेल्या गिरण्या, विकलेली जमीन, त्या जमिनीवरचे मनोरे आणि मुलांची लग्ने झाल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत न मावणारी कुटुंबे, हे सगळे त्या सपाट रेघेखाली दबलेले आहे. परळ-लालबागची एक खोली विकून नालासोपाऱ्याला दोन खोल्या घेता येत, हे त्या काळच्या गिरणगावातले सर्वज्ञात गणित होते. आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी ते असेच सोडवले. इकडे १९९० साली वसई-विरार भागासाठी सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. शेतजमिनीवर इमारतींचे नकाशे उमटू लागले, आणि हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध रान उठवले. म्हणजे इकडचा चढ आणि तिकडचा सपाटपणा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. वेगवेगळ्या कागदांवर छापल्यामुळे त्या तशा भासतात.

‘‘काका, तुम्ही कुठले?’’ कोणीतरी विचारले. काका लालबागचे. १९९४ साली तुळिंजला आले.

असो. मुंबईच्या लोकसंख्येचा विषय निघालाच, तर त्यातली जुनी टिंबे आलेख-वाचनाच्या अभ्यासाला फार उपयोगी आहेत. शहराच्या बहुतेक आलेखांची सुरुवात १८७२ च्या खानेसुमारीने होते, कारण दशवार्षिक जनगणनेची मालिका तेव्हापासून धरली जाते. ६ लाख ४४ हजार ४०५. तिथून १८८१ ला ७ लाख ७३ हजार १९६, १८९१ ला ८ लाख २१ हजार ७६४. डावीकडून उजवीकडे संथपणे चढणारी, प्रगतिपुस्तकात शोभेल अशी रेघ. परंतु १८६४ सालीही एक शिरगणती झाली होती आणि तिचा आकडा होता ८ लाख १६ हजार ५६२. हे एक टिंब डावीकडे ठेवले की सगळ्या चित्राचा अर्थ पालटतो. रेघ चढाने सुरू न होता घसरणीने सुरू होते, आणि पुढची वीस वर्षे शहर पूर्वी जेथे होते तेथे परत पोचण्यासाठी धडपडताना दिसते. कारण आपल्याला माहीत आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, पैशाच्या पाठोपाठ माणसे आली. युद्ध संपले, शेअरबाजार कोसळला, बॅक बे भरणीच्या कंपन्या बुडाल्या, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा सावकार धुळीला मिळाला. आलेख १८७२ पासून काढणाऱ्याने यातले काहीही नाकारलेले नाही. त्याने फक्त कागदाची डावी कड कुठे असावी हे ठरवले.

या आकड्यांच्या शेवटी असलेला ‘४०५’ किंवा ‘५६२’ हा भागही विचार करायला लावतो. रात्रीत चाळी, गोदी, फुटपाथ आणि होड्या मोजून पाच माणसांपर्यंतची अचूकता येत असेल यावर मोजणाऱ्यांचाही विश्वास नसावा. तो आकडा कागदपत्रांच्या बेरजेचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या रुळांपलीकडे, सोपाऱ्याला, १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावला मिळाला. कलिंगयुद्धाचा उल्लेख असलेला तेरावा लेख मात्र इकडे मिळालेला नाही, तो इतर ठिकाणच्या शिळांवर आहे. त्यात दीड लाख माणसे पकडून नेल्याचा आणि एक लाख मारली गेल्याचा उल्लेख येतो. ‘शतसहस्र’ हा शब्द वाचताना कोणताही इतिहासकार लाख डोकी मोजली गेली असे समजत नाही. राजाच्या मनावर पडलेल्या ओझ्याचे ते माप आहे. त्या आकड्याचा गोलवाच आपल्याला सावध करतो. ८,१६,५६२ मध्ये तसा गोलवा नसल्यामुळे आपण बेसावध राहतो, आणि शिळेवरच्या आकड्याला जी शंका विचारली ती सरकारी तक्त्याला विचारत नाही.

आता १९०१. त्या वर्षीचा आकडा ७ लाख ७६ हजार ६, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. आलेखात हा छोटासा खड्डा दिसतो आणि त्यापाशी बहुधा ‘प्लेग’ असा बाण असतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. १८९७ च्या आरंभी शहर रिकामे होऊ लागले. साडेतीन लाखांहून अधिक लोक मुंबई सोडून गेल्याचे अंदाज तेव्हा केले गेले. ज्या शहरात सव्वाआठ लाख माणसे, त्यातली साडेतीन लाख निघून जावीत, एवढा मोठा प्रसंग. आलेखात त्याचे चिन्हही नाही! १८९१ चे टिंब आणि १९०१ चे टिंब यांना जोडणारी रेघ १८९७ वरून अलगद, किंचित उतरत निघून जाते. त्या रेघेवर बोट ठेवून ‘१८९७ साली मुंबईत आठ लाख माणसे होती’ असे म्हणणारा विद्यार्थी आलेख अगदी नियमाने वाचत असतो, आणि तरी त्याचे उत्तर चूक असते. शिवाय १९०१ ची मोजणी १ मार्चच्या रात्री झाली. मुंबईत प्लेगचा जोर हिवाळ्याअखेर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर असे. ज्यांना गावी जाणे शक्य होते ते त्या रात्री शहरात असण्याची शक्यता कमीच. तेव्हा त्या खड्ड्यात मेलेले किती आणि कोकणात आपल्या घरी सुखरूप झोपलेले किती, हे आलेख सांगत नाही.

सुदैवाने १९०६ साली शहराची एक खास मोजणी झाली. आकडा आला ९ लाख ७७ हजार ८२२. आणि १९११ च्या जनगणनेचा ९ लाख ७९ हजार ४४५. मधले टिंब नसते तर १९०१ ते १९११ अशी सरळ चढणारी रेघ निघाली असती. ते असल्यामुळे दिसते की सगळा चढ पहिल्या पाच वर्षांतला, पुढची पाच वर्षे जवळजवळ जागच्या जागी. पाच वर्षांत दोन लाखांची भर, तीही प्लेग चालूच असताना. ही भर जन्मांनी पडलेली नाही. हे लोक परतणारे होते आणि नव्याने येणारे होते. १९२१ साली मुंबईतल्या शंभरांपैकी सुमारे ८४ माणसे शहराबाहेर जन्मलेली होती आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांचा गट सर्वांत मोठा होता. त्या काळी कोणी आलेख घेऊन हिंडत असते तर ‘बाहेरचे’ म्हणून बोट आपल्या पणजोबांकडे गेले असते. काकांना आम्ही हे सांगितले नाही, त्यांनी ते स्वतःच ताडले असावे.

ज्या १९०६ सालाच्या टिंबाने ही भर दाखवली, त्याच सालाचा मुंबईचा आणखी एक आलेख आहे. तो जगप्रसिद्ध आहे, पण तो आपल्या मुंबईचा आहे हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही. १९२७ साली एडिंबरो येथील दोन संशोधकांनी, विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी, साथींच्या गणितावर एक निबंध प्रसिद्ध केला. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत काम केलेले गृहस्थ. केरमॅक रसायनज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती, त्यामुळे निबंधातला आलेख त्यांनी स्वतः पाहिलेला नाही. हा आलेख १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबईत प्लेगने दर आठवड्याला किती मृत्यू झाले त्याचा आहे. टिंबे हळूहळू चढतात, एप्रिलच्या मध्याला शिखर गाठतात आणि तितक्याच डौलाने उतरतात. त्यांवरून काढलेली गणिती वक्ररेषा टिंबांना इतकी नेमकी बिलगते की पाहणाऱ्याने मान डोलवावी. त्यांच्या सूत्रातला शिखराचा आकडा आठवड्याला ८९० आहे. २०२० साली ‘आलेख सपाट करा’ म्हणून जी घंटेच्या आकाराची टेकडी जगभर दाखवली गेली, तिच्यामागचे गणित याच निबंधातून वाढलेले आहे. मांडवी, नागपाडा, परळ इथल्या चाळींत मेलेली माणसे अशा रीतीने जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेली.

या गणिताचे म्हणणे असे की साथ चढते, कारण रोगी निरोग्यांना लागण करतात, आणि उतरते, कारण लागण होण्याजोगे लोक कमी होत जातात. आलेखाचा आकार या म्हणण्याशी तंतोतंत जुळतो. पण मुंबईचा प्लेग अशा रीतीने पसरतच नव्हता. १९०५ पासून मुंबईत प्लेग संशोधन आयोग काम करत होता, परळच्या प्रयोगशाळेत. म्हणजे आलेखातली टिंबे ज्या महिन्यांत पडत होती त्याच महिन्यांत ही मंडळी शहरातले मेलेले उंदीर मोजत होती. त्यांना क्रम दिसला तो असा. आधी गटारातले उंदीर मरतात, मग घरातले, आणि मग माणसे, प्रत्येक टप्प्यात काही दिवसांचे अंतर ठेवून. रोग नेत होती उंदरांवरची पिसू. तिचे बळ ऋतूप्रमाणे वाढे आणि कडक उन्हाळ्यात ओसरे. एप्रिलनंतरची घसरण निरोगी माणसे संपल्यामुळे झालेली नव्हती. पुढच्या हिवाळ्यात साथ पुन्हा आली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही आली. दरवर्षी येणाऱ्या लाटांच्या मालिकेतून एकच लाट कापून घेतली की ती आरंभ-मध्य-अंत असलेल्या गोष्टीसारखी दिसते. दोन्ही बाजूंच्या लाटा कागदावर असत्या तर कोणालाही ऋतूचा संशय आला असता. २०१२ साली निकोलस बकाएर या फ्रेंच गणितज्ञाने उंदीर, पिसवा आणि ऋतू हिशेबात धरून हा प्रश्न पुन्हा मांडला आणि जुने सूत्र मुंबईच्या प्लेगला लावणे योग्य नव्हते असे दाखवले.

केरमॅक-मॅकेंड्रिक यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की त्यांना हे ठाऊक होते. माणसांतला प्लेग हा उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे असे आपण धरून चालत आहोत, आपली गृहीतके काटेकोरपणे पाळली गेलेली नाहीत आणि आकडे फार ढोबळ आहेत, असे त्यांनी आलेखालगतच नमूद केले आहे. पण पुढच्या पिढ्यांनी आलेख उचलला आणि खालचा मजकूर तिथेच सोडला. आलेखाची हीच अडचण आहे. तो पानातून सहज सुटा होतो. काकांचा कागदही असाच कुठूनतरी सुटलेला होता. मूळ तक्त्याखाली ‘हद्दीत बदल’ अशी टीप असेलही, ती छापायची राहिली.

त्या टिंबांविषयी आणखी एक गोष्ट. प्लेगने मेला असे नोंदवले की घराची झडती, माणसांचे विलगीकरण, सामानाची जाळपोळ असे सोपस्कार सुरुवातीच्या वर्षांत होत. पुण्यात त्या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडच्या खुनात झाला. त्यामुळे प्लेगचे मृत्यू लपवले जात, ताप किंवा छातीचा विकार या सदराखाली जात. १९०५ पर्यंत सक्ती बरीच सैल झाली होती. तेव्हा १८९७ ची टिंबे आणि १९०६ ची टिंबे एकाच अक्षावर ठेवताना, आपण रोग मोजत आहोत की रोग सांगण्याचे धैर्य, हा प्रश्न मागे उरतोच. कोविडच्या काळात रोजचा रुग्णांचा आलेख आपण सगळ्यांनी पाहिला. त्यात चाचण्या किती झाल्या यावर चढ-उतार ठरत. सामान्य प्रवाशांसाठी गाड्या बंद होत्या, आणि कामावर पोचण्यासाठी एसटीही न मिळाल्याने जुलै २०२० मध्ये नालासोपारा स्थानकात लोक रुळांवर उतरले. त्या आठवड्याच्या रुग्णांच्या टिंबाकडे पाहून हे कोणाला कळणार?

या शास्त्राचा जनक मानला जाणारा विल्यम प्लेफेअर याच्या बाबतीतही एक गमतीची गोष्ट आहे. १७८६ साली त्याने व्यापाराच्या आकड्यांचे रेघांचे आलेख प्रथम छापले. १८२१ साली त्याने गव्हाचे भाव आणि कारागिराची मजुरी यांचा एकत्र आलेख काढला. त्याला दाखवायचे होते की मजुरीच्या मानाने गहू पूर्वी कधी नव्हता इतका स्वस्त झाला आहे. पण त्याने भावाचे काळे खांब इतके उंच काढले आणि मजुरीची रेघ इतकी तळाशी ठेवली की आजही तो आलेख पाहणारा माणूस प्रथम म्हणतो, बापरे, केवढी महागाई! गुणोत्तर दाखवायचे तर गुणोत्तराचाच आलेख काढायला हवा होता. जनकालाच जिथे आपला आलेख हवा तसा बोलवता आला नाही, तिथे इतरांची काय कथा.

त्या रविवारी चर्चा इथपर्यंत पोचेतो जेवणाची वेळ झाली. पुढच्या रविवारी तो दहावीतला मुलगा आलेखवहीचे एक पान घेऊन आला. त्याने टिंबे ठेवली होती, रेघ काढली नव्हती. २००९ पाशी उभी दुहेरी रेघ होती आणि तिच्या कडेला लिहिले होते, ‘इथे हद्द बदलली’. तालुक्याची दोन टिंबे निळ्या पेन्सिलीने वेगळी दाखवली होती आणि त्याच पानावर, खालच्या बाजूला, मुंबई बेटाची. २०११ च्या उजवीकडे काहीच नव्हते. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झाली नाही, त्यामुळे तिथे टिंब नाही, आणि तुटक रेघ काढायला आपल्याला काही आधार नाही, असे त्याने सांगितले. शेवटच्या वाक्याला तो थोडा घाबरल्यासारखा वाटला.

काकांनी चष्मा लावून पान बराच वेळ पाहिले. ‘‘यात मी कुठे?’’ त्यांनी विचारले.

मुलाने २००१ च्या टिंबावर पेन्सिल टेकवली. ‘‘तुम्ही इथे. माझे बाबा आणि मी या दुसऱ्यात. बाबा २००३ ला आले. मी आलो नाही, मी २०१० ला इथेच झालो.’’

काकांनी मान हलवली. कागद परत देताना म्हणाले, ‘‘पाण्याचा काढशील का असा एक? किती येते, किती पुरते.’’

‘‘काढतो की,’’ मुलगा म्हणाला, ‘‘पण महापालिकेचा काढू, की तालुक्याचा?’’